धार लावूनही कात्री पुन्हा पुन्हा कापड दुमडते: दोष शोधणे, धार लावणे आणि टिकाऊ कात्री निवडणे

कात्रीला धार लावून आणली की काही दिवस ती छान चालते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. जाड कापड कसेबसे कापले जाते, पण मलमल किंवा अस्तराचे पातळ कापड दोन पात्यांच्या मध्ये दुमडून अडकते, कडेला दशा निघतात आणि टोकाशी तर कापड कापलेच जात नाही. मग कात्री पुन्हा धारवाल्याकडे जाते, पुन्हा घासली जाते, आणि अशा प्रत्येक फेरीत पाती थोडी अरुंद होत जातात. काही वर्षांत चांगली, जड, नीट वापरली असती तर पुढच्या पिढीला देता आली असती अशी कात्री भंगारात निघते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण बहुतेक वेळा तिचा दोष वेगळाच असतो.

कात्री कापत नाही म्हणजे तिची धार गेली, असे आपण गृहीत धरतो. सुरीच्या बाबतीत ते खरे आहे, कारण सुरी आपल्या एकट्या धारेवर कापते. कात्रीच्या दोन धारा एकमेकींवर घासत पुढे सरकतात आणि त्यांच्या मध्ये सापडलेला धागा कातरला जातो. म्हणून धार कितीही तीक्ष्ण असली, तरी दोन पाती नीट भेटत नसतील तर कापड त्यांच्या मधल्या फटीत शिरते आणि दुमडते. धार लावण्याआधी पाती कशी भेटतात हे पाहणे, एवढी एक सवय लागली तरी वारंवार येणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळशा घरच्या घरी मिटतात.

पाती कशी भेटतात ते आधी पाहा

कात्री पूर्ण मिटा, उजेडासमोर आडवी धरा आणि दोन पात्यांच्या मधून पलीकडचा उजेड दिसतो का, ते कडेच्या बाजूने डोळा लावून पाहा. कात्री चांगल्या स्थितीत असेल तर पाती खिळ्याजवळ, म्हणजे ती जिथे एकमेकांना जोडलेली असतात तिथे, आणि टोकाशी टेकलेली दिसतील आणि मधल्या भागात उजेडाची अगदी बारीक रेघ दिसेल. ही फट म्हणजे दोष नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली असते. प्रत्येक पात्याला आतल्या बाजूला अगदी हलका बाक दिलेला असतो, त्यामुळे कात्री मिटत जाताना दोन्ही धारा एका वेळी एकाच बिंदूवर एकमेकींना भिडतात आणि तो बिंदू खिळ्यापासून टोकाकडे सरकत जातो. हाताचा सगळा जोर त्या एका बिंदूवर एकवटतो, म्हणून कापड कापले जाते. पाती संपूर्ण लांबीभर सपाट टेकत असतील तर जोर विखुरतो आणि कात्री जड चालते.

आता कात्री उघडून एका पात्याची आतली बाजू, म्हणजे दुसऱ्या पात्याकडे असणारी बाजू, दिव्याखाली तिरकी धरा. ती सपाट दिसली तरी चांगल्या कात्रीत ती रुंदीच्या दिशेने किंचित खोलगट घासलेली असते, जेणेकरून दुसऱ्या पात्याला फक्त धारेची कड लागावी. खिळ्याच्या मागे, मुठींच्या बाजूला, वापराने घासून चकचकीत झालेला एक छोटा पट्टाही दिसेल. दोन्ही पाती तिथे एकमेकांवर रेलतात आणि त्या रेलण्यामुळेच पुढच्या धारा एकमेकींकडे दाबल्या जातात. हा पट्टा आणि ती खोलगट बाजू दगडावर किंवा चाकावर घासणे म्हणजे कात्रीचा प्राण काढून घेणे होय. चाकावर घाईने धार लावणारा कारागीर नेमके हेच करून बसतो, कारण आतली बाजू घासली की बोट लावून पाहताना धार लगेच तीक्ष्ण लागते.

चाचणी आणि लक्षणे

तपासणीपूर्वी कात्री स्वच्छ करा. चिकटपट्टीचा गोंद, खिळ्याभोवती साचलेली धाग्यांची भुसकट आणि सुकलेले तेल यांमुळेही पाती एकमेकांपासून दूर राहतात. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने दोन्ही पाती आतून पुसा, गोंद जुना असेल तर त्यावर तेलाचा थेंब थोडा वेळ राहू द्या आणि मग पुसा. आतल्या बाजूला ब्लेडने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नका, कारण तिथे पडलेला ओरखडा थेट धारेपर्यंत पोहोचतो.

यानंतर पातळ सुती कापडाचा एकेरी तुकडा घ्या आणि कात्री पूर्ण उघडून, खिळ्यापासून टोकापर्यंत, एकाच सावकाश कापात मिटा. मुठींना आडवा जोर देऊ नका. अनुभवी हात नकळत अंगठा बाहेर ढकलून आणि बोटे आत ओढून ढिल्या पात्यांना एकमेकांवर दाबतो आणि दोष झाकला जातो, म्हणून या चाचणीत हात सैल ठेवणे महत्त्वाचे आहे. कापड नेमके कुठे अडते याची नोंद ठेवा. पुढचा सगळा विचार त्या जागेवर अवलंबून आहे.

कापड सगळ्या लांबीभर दुमडत असेल तर पहिला संशय खिळ्यावर घ्यावा. स्क्रू असलेल्या कात्रीत तो वापराने हळूहळू सैल होतो आणि हा बदल इतका सावकाश होतो की रोज वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ताण तपासण्याची एक सोपी रीत आहे. एक मूठ हातात धरून कात्री टोक वर करून उभी धरा, दुसरी मूठ वर उचलून पाती एकमेकांशी काटकोनात आणा आणि ती मूठ सोडून द्या. पाते खटकन पूर्ण मिटले तर खिळा सैल आहे, जागचे हललेच नाही तर खिळा फार आवळलेला आहे, आणि ते संथपणे खाली येऊन कात्री थोडी उघडी असतानाच थांबले तर ताण योग्य आहे. मोठ्या, जड कात्रीत मुठीच्या वजनामुळे पाते जरा अधिक मिटते, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्यावा. स्क्रू आवळताना एका वेळी फार तर एक अष्टमांश फेरा द्यावा आणि दर वेळी कापडावर पुन्हा चाचणी घ्यावी. गरजेपेक्षा जास्त आवळलेल्या कात्रीत धारा एकमेकींना खातात आणि नवी धार काही दिवसांतच जाते, त्यामुळे ‘घट्ट तितके चांगले’ हा समज इथे उपयोगाचा नाही. आवळलेला स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर त्याचे आटे झिजलेले असतात किंवा त्यावरचे नट ढिले असते. तिथे स्क्रू किंवा नट बदलणे हाच उपाय आहे, धार लावून काहीही साधत नाही.

खिळ्याच्या जागी रिव्हेट, म्हणजे डोकी ठोकून कायमचा पक्का केलेला खिळा, असेल तर स्क्रू आवळण्याची सोय नसते. रिव्हेटचे एक डोके ऐरणीवर किंवा जाड लोखंडी ठोकळ्यावर टेकवून दुसऱ्या डोक्यावर छोट्या हातोडीने हलकेच ठोकले तर सैलपणा कमी करता येतो, पण एक ठोका जास्त पडला की कात्री जाम होते आणि ती पुन्हा सैल करणे फार कठीण जाते. साध्या घरगुती कात्रीवर हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही, महागाची असेल तर कारागिराकडे द्यावी.

खिळ्याजवळ आणि मध्यभागी कात्री चांगली कापते पण टोकाशी कापड दुमडते, या तक्रारीची कारणे तीन असू शकतात, आणि या तिघांतला फरक समजला नाही तर चुकीचा उपाय होतो. पहिले कारण म्हणजे कात्री जमिनीवर पडून एखादे टोक वाकणे किंवा पात्याचा बाक जाणे. उजेडासमोर धरल्यावर मिटलेल्या पात्यांची टोके एकमेकांपासून दूर दिसली की हे निश्चित होते. बाक पुन्हा देणे हे कसबी हाताचे काम आहे. कडक पोलाद पकडीने वाकवायला गेल्यास ते मोडते, म्हणून हे घरी करू नये. दुसरे कारण म्हणजे टोकाची धार अधिक झिजणे, जे टोकाने बारीक छाट देण्याच्या कामात स्वाभाविक आहे आणि ते धार लावून दुरुस्त होते. तिसरे कारण सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. वारंवार घासल्याने पाती अरुंद झालेली असतात, त्यामुळे मुठी एकमेकींना टेकतात तेव्हाही टोके एकमेकांना ओलांडून गेलेली नसतात. कापायचे अखेरचे दोन-तीन मिलिमीटर कायम राहूनच जातात. अशा वेळी मुठींच्या आतल्या बाजूला असलेला टेकू, मग तो धातूचा उंचवटा असो की रबराची गुंडी, कानशीने थोडा घासून कमी केला की पाती आणखी थोडी मिटतात आणि टोक पुन्हा कापू लागते. काम पाच मिनिटांचे आहे. तेवढ्यासाठी कात्री टाकून दिली जाते, हे पाहून खरोखर हळहळ वाटते.

एकाच ठराविक जागी कापड अडकत असेल तर तिथे धारेत खाच पडलेली आहे. बहुतेक वेळा कापडाबरोबर टाचणी कापली गेलेली असते. जागा शोधण्यासाठी धार दिव्याकडे करून पाते हळूहळू फिरवा. तीक्ष्ण धार उजेड परावर्तित करत नाही, बोथट झालेला भाग पांढऱ्या रेघेसारखा चमकतो आणि खाच एका चमकत्या ठिपक्यासारखी दिसते. कापसाचा पुंजका धारेवरून खिळ्याकडून टोकाकडे अलगद ओढला तर खाचेवर त्याचे तंतू अडकून राहतात. बोटाने धार तपासण्यापेक्षा ही रीत सुरक्षितही आहे आणि अचूकही.

एक लक्षण कात्रीचे नसून हाताचे असते. नेहमीची कात्री उजव्या हातासाठी बनवलेली असते. उजव्या हाताचा अंगठा आणि बोटे मुठीवर जो स्वाभाविक आडवा जोर देतात, त्याने धारा एकमेकींवर दाबल्या जातात. तीच कात्री डाव्या हातात धरली की तोच जोर पात्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो आणि अगदी नवी कात्रीसुद्धा कापड दुमडते. डावखुऱ्या व्यक्तीसाठी पाती आरशातल्या प्रतिमेसारखी उलट बसवलेली कात्रीच घ्यावी लागते. केवळ मुठींचा आकार दोन्ही हातांना चालेल असा केलेल्या कात्रीने हा प्रश्न सुटत नाही, कारण पात्यांची मांडणी तीच राहते.

धार टिकत का नाही

ताण बरोबर आहे, टोके भेटतात, खाच नाही, आणि तरीही धार दर वेळी लवकर जाते, असे असेल तर मागच्या धार लावण्यातच काहीतरी बिघडलेले असते. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पाते दाबून धरले की धारेची पातळ कड क्षणात तापते. पोलादावर आधी पिवळसर आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळी छटा उमटते. निळी छटा उमटलेल्या कार्बन पोलादाच्या धारेचा कडकपणा कमी झालेला असतो, आणि मऊ झालेली ती कड पूर्ण घासून आतले कडक पोलाद बाहेर येईपर्यंत ती कात्री धार धरणार नाही. धार लावून आलेल्या कात्रीवर निळसर-जांभळी रेघ दिसली तर कारण तिथेच आहे.

दुसरा दोष कोनाचा असतो. सुरीला प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांची निमुळती धार देतात. कात्रीच्या धारेचा उतार त्याहून पुष्कळ उभा असतो आणि तो एकाच बाजूला, पात्याच्या बाहेरच्या अंगाला असतो. धार अधिक तीक्ष्ण लागावी म्हणून कोणी हा उतार निमुळता केला तर दुसऱ्या पात्यावर घासताना ती नाजूक कड मुडपते. स्वयंपाकघरातील सुऱ्यांसाठी मिळणाऱ्या इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचेच्या उपकरणातून कात्री ओढू नये, हे याच कारणाने. ते उपकरण धारेच्या दोन्ही बाजू घासते, आणि आतली बाजू तर घासायचीच नसते.

ॲल्युमिनियमची फॉइल कापणे, काचेच्या बाटलीच्या गळ्यावर किंवा सुईवर कात्री चालवणे अशा युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात. त्यांनी धारेची किंचित मुडपलेली कड सरळ होते, त्यामुळे कात्री थोडा वेळ बरी कापते, पण झिजलेले पोलाद त्यांनी परत येत नाही. सँडपेपर कापण्याचा सल्ला मात्र मी कापडाच्या कात्रीसाठी कधीच देणार नाही. त्याचे कण दोन्ही पात्यांच्या आतल्या बाजूला बारीक चरे पाडतात.

घरी धार लावताना

यासाठी दोन दगड पुरतात: खाचा काढण्यासाठी सुमारे ४०० ग्रिटची हिऱ्याची पट्टी आणि शेवटच्या हातासाठी १००० ग्रिटचा दगड (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). खाचा नसतील तर नुसता १००० चा दगड पुरे. स्क्रूची कात्री असेल तर ती खोला आणि स्क्रू, चकत्या, नट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवा, कारण पातळ चकती उलटसुलट झाली तरी ताण बदलतो.

मूळ उतार जपणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे कौशल्य आहे आणि त्यासाठी कोन मोजण्याच्या साधनाची गरज पडत नाही. धारेच्या उतारावर काळ्या मार्करने रंग लावा, उतार दगडावर सपाट बसेल असे पाते धरा आणि एकदाच, खिळ्याकडून टोकाकडे, हलक्या हाताने ओढा. रंग कुठे गेला ते पाहा. फक्त धारेच्या काठाचा रंग गेला असेल तर तुम्ही पाते फार उभे धरले आहे, फक्त वरच्या काठाचा गेला असेल तर फार आडवे, आणि सगळ्या उतारावरून सारखा गेला असेल तर हात बरोबर बसला आहे. तो कोन मनगटात पक्का करा आणि मग प्रत्येक ओढ संपूर्ण लांबीची द्या. मध्येच थांबून एकाच जागी घासले तर धारेला लाट येते, आणि लाटेच्या खळग्यात पाती भेटत नाहीत. बाक असलेल्या पात्यात टोकाकडे जाताना मूठ किंचित उचलावी लागते. हे वाचून कळण्यापेक्षा मार्करचा रंग पाहून लवकर कळते.

घासता घासता आतल्या बाजूला धातूची अतिशय पातळ कड वळून येते, तिला कारागीर ‘बर’ म्हणतात. बोटाचे पेर आतल्या बाजूने, पात्याच्या पाठीकडून धारेच्या दिशेने, बाहेर सरकवले की तिची खरखर लागते. बर सगळ्या लांबीभर लागू लागली म्हणजे दगड धारेच्या अगदी काठापर्यंत पोहोचला, आणि तिथेच थांबायचे. दुसऱ्या पात्यालाही तितकेच घासायचे, कारण एक पाते तीक्ष्ण आणि दुसरे बोथट असेल तर कापड बोथट पात्याच्या बाजूने दुमडते. आतली बाजू एरवी घासायची नसली, तरी बर काढण्यापुरती ती १००० च्या दगडावर पूर्ण सपाट टेकवून, जोर न देता, एकदा किंवा फार तर दोनदा ओढावी. बाजू खोलगट असल्यामुळे दगड तिथे फक्त कडांना लागतो. पाते जराही कलले तर आतल्या बाजूला उलटा उतार तयार होतो आणि मग कोणत्याही ताणावर कात्री नीट चालत नाही. कात्री जोडल्यावर ती हवेत खटाखट उघडमीट करू नये. ताण लावून ती एकदा अगदी सावकाश मिटावी, कडा पुसाव्यात आणि मग जाडसर सुती कापडाच्या तुकड्यावर चालवावी, म्हणजे उरलेली बर निघून जाते. ताणाची चाचणी या टप्प्यावर पुन्हा घ्यायलाच हवी, कारण घासल्यानंतर जुना ताण बरोबर असेलच असे नाही.

काही कात्र्या घरी घासू नयेत. नागमोडी कापणाऱ्या कात्रीचे दात एकमेकांत बसावे लागतात आणि तिला धार लावण्यासाठी वेगळी यंत्रे व सवय लागते. केस कापण्याच्या उंची कात्रीची धार बहिर्गोल असते, सपाट दगडावर ती एका बैठकीत बिघडते. कापडाच्या काही कात्र्यांत एका पात्याच्या धारेवर अतिसूक्ष्म दाते असतात, जे निसरडे कापड धरून ठेवतात. भिंग लावले तर ते स्पष्ट दिसतात. तिथे दाते असलेल्या पात्याला हात न लावता फक्त दुसरे पाते घासावे.

नवी कात्री घेताना

पुन्हा पुन्हा धार लावता येईल अशी कात्री हवी असेल तर मी सर्वांत आधी खिळा पाहीन आणि पोलाद नंतर. खिळा स्क्रूचा, खोलता येणारा, आणि शक्यतो नट लावून ताण धरून ठेवणारा असावा. पोलाद उत्तम असलेली पण न उघडणारी कात्री एका मर्यादेपलीकडे दुरुस्त करता येत नाही, तर मध्यम पोलादाची, स्क्रूची कात्री अनेक वर्षे चालवता येते. त्यानंतर पाते पाठीच्या बाजूने किती जाड आणि किती रुंद आहे ते पाहावे, कारण दर वेळी धार लावताना रुंदीच खर्च होते. घडवलेल्या कात्रीत पाते खिळ्याजवळ जाड आणि टोकाकडे निमुळते असते. पत्र्यातून साच्याने कापून काढलेल्या कात्रीत जाडी बहुतेक सगळीकडे सारखी असते. अशी पाती वाईटच असतात असे नाही. फिनलंडच्या फिस्कार्सने १९६७ मध्ये नारिंगी प्लास्टिकच्या मुठीची कात्री आणली तेव्हापासून हलक्या पात्यांच्याही चांगल्या कात्र्या बनत आल्या आहेत. पण अनेक वेळा घासून घ्यायची असेल तर घडीव पात्यात घासायला जास्त धातू शिल्लक असतो.

कडकपणा रॉकवेल सी या मापावर सांगितला जातो. साध्या घरगुती कात्र्या साधारण ५० ते ५५ च्या दरम्यान असतात आणि ५६ ते ६० मधली कात्री धार बराच काळ धरते. ४२० वर्गाचे स्टेनलेस पोलाद सहसा गंजत नाही आणि दगडावर लवकर धार घेते, पण ती धार तितकीच लवकर उतरते. ४४०सी या स्टेनलेस पोलादाच्या दुसऱ्या प्रकारात कार्बन सुमारे एक टक्का असल्यामुळे ते जास्त कडक करता येते. कार्बन पोलादाची धार बारीक येते, फक्त त्याला गंजापासून जपावे लागते. वेष्टनावर कापडाचे चित्र किंवा ‘टायटॅनियम’ हा शब्द असल्याने काही ठरत नाही. टायटॅनियमचा तो मुलामा काही मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडीचा असतो आणि पहिल्यांदा धार लावतानाच धारेवरून निघून जातो. पोलादाची कात्री घेताना खिशात छोटा चुंबक असू द्या. कडक करता येणाऱ्या पोलादाला तो चिकटतो, तो चिकटलाच नाही तर ते पाते धार धरणार नाही. तो चिकटला म्हणून पोलाद उत्तम आहे, असा उलटा अर्थ मात्र काढू नये.

घेण्यापूर्वी उजेडाची आणि पातळ कापडाची चाचणी तिथेच घ्यावी. टोकाच्या शेवटच्या मिलिमीटरपर्यंत कापड स्वच्छ कापले गेले पाहिजे.

रोजची निगा

खिळ्यावर अधूनमधून शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब, मग काही वेळा उघडमीट, मग पुसणे आणि चिंधीवर दोन-तीन काप, एवढे पुरते. खाद्यतेल वापरू नये, ते हवेत सुकून चिकट होते आणि त्यात भुसकट साचते. कार्बन पोलादाची कात्री काम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसून ठेवावी, कारण बोटांच्या घामाचे ठसेसुद्धा गंज धरतात. कात्री मिटून, धारेला दुसरे काही लागणार नाही अशी, कोरड्या जागी ठेवावी.

कापडाच्या कात्रीने कागद कापू नये हा जुना नियम योग्य आहे. कागद गुळगुळीत व पांढरा व्हावा म्हणून त्यात खडू आणि चिनी मातीसारखी खनिजांची भुकटी घातलेली असते आणि ती धार झिजवते. मात्र कापडही सगळे सारखे नसते. पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्यांची चकाकी कमी करण्यासाठी त्यांत टायटॅनियम डायऑक्साइडचे सूक्ष्म कण मिसळतात, त्यामुळे असे कापड रोज कापणाऱ्याची धार सुती कापड कापणाऱ्यापेक्षा लवकर जाते. ज्यांच्या हातून दोन्ही कामे होतात त्यांनी कृत्रिम कापडासाठी निराळी कात्री ठेवलेली बरी. टाचण्या बेतण्याच्या रेषेपासून दूर लावाव्यात किंवा कापड वजने ठेवून धरावे.

कारागिराकडे देताना

स्वतः धार लावणे जमत नसेल तर कात्री देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: आतल्या बाजूला चाक लावू नये, मूळ उतार बदलू नये, आणि धार पाण्याने थंड ठेवून किंवा सावकाश फिरणाऱ्या दगडावर लावावी. कात्री कापडासाठी वापरता की कागदासाठी, आणि ती कुठे अडते, हेही सांगावे. खाचेची जागा पात्याच्या पाठीवर मार्करने खूण करून दिली तर उगाच सगळे पाते घासले जात नाही. कात्री परत घेताना पातळ कापडाचा तुकडा बरोबर न्यावा, हात सैल ठेवून एक पूर्ण काप घ्यावा, काटकोनातून मूठ सोडून ताण पाहावा आणि धारेवर निळी रेघ नाही ना ते उजेडात तपासावे. कापड दुमडले तर कात्री पुन्हा घासायला न देता आधी तिथेच स्क्रूला अर्धा-पाव फेरा न देता एक अष्टमांश फेरा देऊन पाहावा.